दीड छत्रीची खिडकी

वन्सं, परवा तुमच्या शाळेत शोकसभा झाली. तिघीजणी बोलल्या आणि तिघीही छान बोलल्या. तुमचं शिक्षण, नोकरीची वर्षं, भूगोलावरची पकड, मुलींना लावलेली शिस्त, सगळं सांगून झालं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अगं बाई, ही कोण म्हणायची? ह्यात माझी नणंद कुठे आहे? हजरतगंजातल्या एकाही दुकानावरून ह्या बाई सरळ चालत गेल्या नाहीत आणि एकाही रिक्षावाल्याला त्यांनी सरळ पत्ता सांगितला नाही, हे कुणीच कसं बोललं नाही? उठून सांगावंसं फार वाटलं. पण सगळं इंग्रजीत चाललेलं, आणि माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. म्हणून घरी आले, पोळ्या उरकल्या आणि ओट्यावरचा पसारा तसाच टाकून लिहायला बसले. तुमच्याशी बोलायला मला सभा कशाला हवी?

पियानोवाल्यापासूनच सुरुवात करते.

लग्न होऊन साताऱ्याहून लखनौला आले तेव्हा बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. तुमच्या लालबागच्या दोन खोल्यांत आपण तिघं राहायचो, तुम्ही, हे आणि मी. खाली छापखाना, वर आपण, मधे तो अंधारा लाकडी जिना. त्या उंच खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचे काळे कागद अजून तसेच होते आणि ते खरवडून काढणं हे तुम्ही मला दिलेलं पहिलं काम. खिडकी कसली, दरवाजाच होता तो! स्टुलावर पाट ठेवून मी वर लोंबकळत होते आणि तुम्ही खालून "पडशील गं, पडशील" म्हणत, स्टूल धरायचं सोडून, निवांत चहा पीत होतात. मी तुम्हाला ताई म्हणाले तर म्हणालात, "ताई म्हणायला बाळ्या आहे. शाळेत मी मिस, रस्त्यात बहनजी. तू वन्सं म्हण. ही हाक मला ह्या गावात दुसरं कुणी मारणार नाही." बाळ्या म्हणजे आमचे हे. औषधांच्या संशोधनात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला घरात कुणी बाळ्या म्हणतं, ह्याची मला त्या वेळी केवढी गंमत वाटायची.

थंडी अजून सरली नव्हती. तुम्ही मला एकटीलाच लोकर आणायला गंजमध्ये पिटाळलंत. "सोपं आहे. पियानोवाल्याच्या पुढचं दुकान." मी निघाले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानांपुढचा सगळा बरामदा पालथा घातला. पियानो कुठेच दिसेना. ज्याला विचारावं तो माझ्या तोंडाकडे बघत राही. एक पानवाला म्हणाला, "बिटिया, यहाँ पियानो कौन बजाएगा?" शेवटी रडकुंडीला आले आणि हात हलवत परतले. तुम्ही उशीला अभ्रा घालत होतात. मान वर न करता म्हणालात, "अगं, पियानोवाला केव्हाच विलायतेला गेला. तिथे आता चपलांचं दुकान आहे."

"मग चपलांचं दुकान म्हणून सांगायचं ना!"

"चपलांची दुकानं पन्नास आहेत. पियानोवाला एकच होता."

असा संताप आला होता म्हणून सांगू! पण तुमचं सगळं शहरच तसलं. शेवटचे साहेब आणि मेमा गाशा गुंडाळत होत्या तेव्हा तुम्ही इथे नोकरीला आलात, आणि त्या वेळचं गंज तुमच्या डोळ्यांत जे बसलं ते बसलंच. बनारसी साड्यांचं दुकान म्हणजे तुमचा टोपीवाला साहेब. सिनेमाचं थेटर म्हणजे नाचघर. आणि बँकेला तर तुम्ही जन्मभर बँक म्हटलं नाहीत. तिथे पूर्वी एक इंग्रज औषधवाला होता, त्याच्या काचेच्या कपाटात लाल, हिरव्या, निळ्या पाण्याच्या हंड्याएवढ्या बरण्या मांडलेल्या असायच्या. संध्याकाळी मागून दिवा लावला की फरशीवर रंग पडायचे. म्हणून तुम्ही "जरा बरण्यांत जाऊन येते" म्हणायचात आणि बँकेचं पासबुक घेऊन निघायचात. शेजारच्या बाईंना कितीतरी दिवस वाटत होतं की मराठी माणसं लोणच्याचा धंदा करतात.

आणि हे सांसर्गिक निघालं हो! वर्ष-दोन वर्षांत मीही तशीच बोलायला लागले. ज्या टोपीवाल्याची एकही टोपी मी डोळ्यांनी पाहिली नाही, त्याच्या दुकानापाशी मी ह्यांची वाट बघत उभी राहायची. माझा भाऊ पहिल्यांदा साताऱ्याहून आला तेव्हा त्यालाही आपण अगदी साळसूदपणे निरोप ठेवला, संध्याकाळी टोपीवाल्यापाशी ये. तो बिचारा विचारत विचारत अमीनाबादेत गेला आणि खादीच्या पांढऱ्या टोप्या विकणाऱ्याच्या दारात रात्रीपर्यंत उभा. साताऱ्याच्या माणसाला दुसरी कुठली टोपी सुचणार? तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला उचकी लागली. तो मात्र अजून लखनौचं नाव काढलं की तोंड फिरवतो.

पण वन्सं, आज मला हसण्यापेक्षा दुसरंच सारखं आठवतंय. त्या पहिल्या वर्षात मला साताऱ्याची इतकी आठवण यायची की दिवेलागणीला डोळे आपोआप भरायचे. हिंदी धड येत नव्हती. हे रात्री उशिरा यायचे. तुम्ही एकदाही माझी समजूत घातली नाहीत. "रडू नको", "सवय होईल", असलं एक अक्षर नाही. शाळेतून यायचात, पर्स खुंटीला लावायचात, छत्री मात्र हातातच ठेवायचात आणि म्हणायचात, "चल, चपला घाल." ऊन असो, पाऊस असो, ती काळी लांब छत्री तुमच्या हातात असायचीच. मग आपण गंजमध्ये. लखनौची माणसं संध्याकाळी नुसतं फिरायला गंजला जातात, काही घ्यायचं नसताना, हे मला आधी खुळेपणा वाटायचं. तुम्ही प्रत्येक दुकानापाशी थांबून छत्रीच्या टोकाने दाखवायचात. ही पायरी बघ, मधे झिजलीय. ही कमान बघ. ह्या फोटोवाल्याकडे लग्न झालेल्या मेमा नवऱ्याबरोबर उभ्या राहायच्या आणि नवरा बुटका असला की तो त्याला लाकडी खोक्यावर चढवायचा. घरी येईपर्यंत माझं रडायचं राहून गेलेलं असायचं. हे शहर तुम्ही मला पायी पायी शिकवलंत. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण मानले असते तर तुम्ही "अच्छा, अब भाषण बंद" म्हणाला असतात.

भांडणं मात्र मी भरपूर केली. माझे वडील बेचाळीसला तुरुंगात गेलेले. साहेबाच्या दुकानाचं कौतुक ऐकून मला कसं गप्प बसवेल? बेकरीच्या दारात आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं होतं, आठवतं? एका म्हाताऱ्या मेमची ती बेकरी. ती गेल्यावर तिच्या खानसाम्याच्या मुलांनी चालवायला घेतलेली. दिवाळीला आपण घरून रवा, तूप, साखर घेऊन जायचो आणि नानकटाई भाजून आणायचो. भट्टीपाशी बायकांची ही गर्दी. त्या गर्दीत उभ्या उभ्या मी म्हणाले, "वन्सं, ह्याच पायरीवर माझ्या बापाला चढू दिलं नसतं. आणि तुम्ही हिचे गोडवे गाता."

"म्हणून तर मी मुद्दाम चढते," तुम्ही म्हणालात. "चपलांसकट."

"पण बांधलं त्यांनी. त्यांच्या ऐषारामासाठी."

"बांधलं कुणी? ही कमान कुठल्या साहेबाने डोक्यावर घमेलं घेऊन चढवली? भट्टी कोण पेटवतं? पायरी कुणाच्या पायांनी झिजली? अगं, ते पन्नास-शंभर वर्षं राहिले आणि गेले. आपण रोज येतोय. मग दुकान कुणाचं?"

मी म्हटलं, असं म्हणून चोराला माफ करायचं का? तुम्ही म्हणालात, चोराला नको, घराला कर. तेवढ्यात आपला नंबर आला आणि बोलणं तिथेच राहिलं. ते पुढे इतक्यांदा निघालं आणि इतक्यांदा अर्धवट राहिलं! कधी आमच्या मीनूला भूक लागायची, कधी रिक्षा मिळायची. एक गोष्ट तुमच्या तोंडावर मी मेले तरी कबूल केली नसती, ती आता सांगते. त्या पायरीवर चपलांसकट चढायला मला फार मजा यायची. तरी मला तुमचं म्हणणं पुरतं पटलेलं नाही हं. माझ्या वडिलांची बाजू कुणीतरी लावून धरायला हवी.

मीनूच्या जन्मानंतर आम्ही ह्यांच्या संस्थेच्या क्वार्टरमध्ये गेलो आणि पुढे ह्यांनी कर्ज काढून इंदिरानगरला घर बांधलं. नकाशा काढला त्याच दिवशी मी सांगून टाकलं, खालची रस्त्याकडची खोली वन्संची. ह्यांनी विचारलं, "तिला विचारलंस का?" मी म्हटलं, विचारायचं काय? लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या दोन खोल्यांतली एक तुम्ही मला न विचारता देऊन टाकलीत आणि स्वतः बाहेरच्या खोलीत पलंग टाकलात. आता माझ्याकडे घर आहे, तर माझी पाळी. इतका सरळ हिशेब होता तो माझ्या मनात. तुमचे गुडघे दुखायचे, तो जिना उभा, पावसाळ्यात त्याच्या पायऱ्या बुळबुळीत. रात्री कधी जिन्यात पडलात तर खालच्या छापखान्यात आवाज द्यायलाही कुणी नाही, ह्या विचाराने मी अंथरुणात उठून बसायची.

पण तुम्ही कुठल्या यायला! तुम्ही खोली बघायला आलात आणि भिंतीचा हिरवा रंग पाहून नाक मुरडलंत. "हा काय रंग आहे? इथे माणसाला सलाइन लावून झोपवणार आहेस का?" मग खिडकीपाशी गेलात. "ही खिडकी आहे की पोस्टाची पेटी?" मग बाहेर जाऊन गल्ली पाहून आलात. "सगळी घरं एका साच्यातली. मी चुकून दुसऱ्याच्या घरात जाऊन झोपेन. पत्ता काय, तर एक अक्षर आणि एक आकडा! अगं, रिक्षावाल्याला सांगायला एक खूण तर पाहिजे. इथे पियानोवाला नाही, टोपीवाला नाही."

"असता तरी तुमचा टोपीवाला आता साड्याच विकत असता!" मी ओरडले. मीनू मधेच म्हणाली, "मम्मी, आत्या को डाँटो मत." तुम्ही तिला जवळ घेतलंत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "बघू."

हा तुमचा 'बघू'! ह्या दोन अक्षरांनी मला किती छळलं असेल. दर सणाला मी गळ घालायची, दर सणाला तुमचा बघू. गेल्या उन्हाळ्यात रिटायर झालात, तेव्हा मला वाटलं, आता काय कारण उरलं? तरी बघूच. मी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलेलं, आमच्या नणंदबाई येणार आहेत. लोक विचारायचे, आल्या का, आणि मी म्हणायची, येतील, दिवाळीपर्यंत येतील. मागून मी ह्यांच्यावर राग काढायची की तुमची बहीण म्हणजे दगड आहे, पालथ्या घड्यावर पाणी ओततेय मी.

ह्या गणपतीला आलात तेव्हाचं सांगते. सकाळी दारात सब्जीवाला भैया आला आणि धनियाच्या जुडीवरून तुमची त्याच्याशी अशी जुंपली की आरती थांबली. "ये जुड़ी है? बीमार आदमी की चोटी है!" तो बिचारा म्हणाला, "बहनजी, आप यहाँ रहने आ गईं तो मैं गली बदल लूँगा." तुम्ही म्हणालात, "आने दो, रोज़ झगड़ूँगी." त्याने हसत आणखी एक जुडी टाकली. जेवणं झाली आणि तुम्ही दिसेनात म्हणून मी शोधायला गेले, तर तुम्ही त्या खोलीत, खिडकीपाशी. छत्री उभी करून खिडकीला लावलेली. मी विचारलं, काय करताय? तुम्ही पटकन छत्री खाली घेतलीत. "काही नाही. डास कुठून येतात बघत होते." मी म्हटलं, छत्रीने डास बघतात का? तुम्ही म्हणालात, "भूगोलवाली आहे मी. तुला नाही कळायचं." आणि बाहेर येऊन दुसऱ्यांदा मोदक मागून घेतलात.

दसऱ्याला सोनं द्यायला आलात, तेव्हाही मी विचारलं आणि तेव्हाही बघूच. चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ! ताकास तूर लागू दिली नाहीत. नंतर तो ताप, ते हॉस्पिटल, आणि मग काहीच नाही. ह्याबद्दल मला जास्त लिहवत नाही. शेवटी शुद्धीवर होतात तेव्हा फक्त मीनूची परीक्षा कशी झाली ते विचारलंत आणि ह्यांना म्हणालात, "बाळ्या, शर्टाचं बटण लाव."

घरमालकाला खोल्या मोकळ्या करून द्यायच्या होत्या. हे म्हणाले, माझ्याच्याने होणार नाही. म्हणून मी एकटीच लालबागला गेले. भांडी पोत्यात भरली, नकाशे गुंडाळले, साड्यांची गाठोडी बांधली. छत्री दाराच्या मागे होती, तिला हात लावायचं मला जिवावर आलं. इतक्यात जिन्यात पावलं वाजली. हळूहळू, थांबत थांबत कुणीतरी वर येत होतं. पाहिलं तर पांढरी दाढी, काळी शेरवानी, काखेत ब्राउन कागदाचं पुडकं. गंजमधल्या आपल्या पडदेवाल्याकडचे म्हातारे शिंपी, नन्हे मास्टर. ते दुकान तेवढं तुमच्या साहेबांच्या वेळचं खरंच अजून उघडं होतं, आणि बड्या बंगल्यांचे, छावणीतल्या मेसचे पडदे शिवून त्यांची दाढी पिकलेली.

"आदाब. मिस साहब हैं?" मग त्यांनी गाठोडी पाहिली. "अच्छा, तो सामान जा रहा है! माफ़ कीजिएगा, मुझसे देर हो गई. मिस साहब ने कहा था, दिवाली से पहले चाहिए."

मी म्हटलं, "मास्टरजी, वो नहीं रहीं."

ते तिथेच वरच्या पायरीवर बसले. पुडकं मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात फिरवत राहिले. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "अभी पिछले महीने तो दुकान पर बैठकर मुझसे झगड़ा करके गई हैं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. "किस बात पर?"

"नाप पर. फ़ीता कभी लाती थीं? छाता लेकर आईं. बोलीं, नन्हे मियाँ, लंबाई डेढ़ छाता. मैंने कहा, मिस साहब, डेढ़ छाते की खिड़की भला कहाँ होती है? आपके यहाँ तो ढाई छाता है, मैंने ही सिए थे. कहने लगीं, ये यहाँ के लिए नहीं हैं. इंदिरा नगर के लिए हैं, भाई के घर. भाभी ने मेरे लिए कमरा रखा है. दिवाली उधर ही करूँगी."

वन्सं! अहो, वन्सं! मला का नाही सांगितलंत? एक शब्द, एक खूण? दसऱ्याला माझ्या हातात आपट्याची पानं ठेवलीत, तेव्हा सांगायला काय झालं होतं? गंजमधल्या शिंप्याला माहीत, आणि मला नाही! मी त्या म्हाताऱ्या माणसासमोर जिन्यात बसून मोठ्याने रडले. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते, तेव्हा ह्यांना सावरायचं होतं. मास्टर म्हणजे लखनौचा माणूस, मान खाली घालून बसून राहिले. मग मला कळलं तुमचा डाव. दिवाळीच्या आधी एक दिवस रिक्षातून उतरायचं, खिडकीला पडदे लावायचे आणि म्हणायचं, "शालन, ही आता खिडकी दिसते." माझं तोंड बघायचं होतं ना तुम्हाला? तुमचा बघू म्हणजे हो होता, आणि एवढी वर्षं एकत्र काढून मला ते ओळखता आलं नाही.

घरी येऊन पुडकं सोडलं. हातभर मोठाले गुलाब! विलायती गुलाब, मेमसाहेबांच्या दिवाणखान्यात शोभतील असे, तुरुंगात गेलेल्या माणसाच्या मुलीच्या घरी! बघ म्हणावं, भांडण अर्धवट ठेवून गेल्या नाहीत बाई. आणि त्या गुलाबांची पानं कोणत्या रंगाची? जो पाहून तुम्हाला सलाइन आठवलं, अगदी तोच हिरवा. भिंतीला लावून पाहिलं, तसूभर फरक नाही. ह्यांनी स्टूल आणलं आणि आम्ही तिघांनी मिळून पडदे लावले. लावले आणि बघतच राहिलो. खिडकी संपली तरी पडदे संपेनात! खाली आले, आणखी खाली आले आणि फरशीवर त्यांचा ढीग झाला.

"ये तो महल के परदे हैं!" मीनू म्हणाली.

रविवारी नन्हे मास्टर आले. मी त्यांना पत्ता सांगितला होता, एक अक्षर आणि एक आकडा. त्यांना तो सापडेना. अर्धा तास रिक्षा गल्ल्यांतून फिरत होती. मग दारात उतरून म्हणाले, "नंबर से तो नहीं मिला, बीबी. दूर से अपने गुलाब पहचान लिए." आत आले, फरशीवरचा ढीग पाहिला आणि कपाळावर हात मारला. "डेढ़ छाते पर यक़ीन ही नहीं आया. सोचा, मिस साहब ग़ुस्से में भूल रही हैं. काट दिए ढाई के." उभ्या जन्मात त्यांनी कधी एवढ्या छोट्या खिडकीचा पडदा शिवलाच नव्हता. पिशवीतून कात्री काढून ते खाली बसले. हे म्हणाले, हो, कापूनच टाका, पायात येतात. मीनूचंही तेच, "काट दो ना, मम्मी."

मी म्हटलं, नाही. कात्री लावायची नाही.

मास्टरांनी कात्री परत पिशवीत ठेवली. मी त्यांना चहा आणि नानकटाई दिली. हो, ह्या वर्षी सण नव्हता, पण बेकरीत गेले होते. मीनूला घेऊन गेले. येताना तिने रिक्षावाल्याला काय सांगितलं असेल? "भैया, बरनियों के आगे से मोड़ लेना." त्याला ओ की ठो कळलं नाही. मी हसले, आणि मग बँकेच्या पुढून वळायला सांगितलं.

रोज झाडताना तो ढीग उचलावा लागतो. तुमच्या लालबागच्या खिडकीची उरलेली लांबी माझ्या फरशीवर लोळतेय, काय करणार? छत्री मी त्याच कोपऱ्यात ठेवली आहे. पलंगावर चादर घातली आहे. खोली कुणाला दिलेली नाही.

आणि आज सकाळची गोष्ट. महिनाभर गावी गेलेला सब्जीवाला भैया गाडी ढकलत आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. फाटकापाशी थांबला, खिडकीकडे बघितलं, पडद्यांवरचे गुलाब बघितले आणि घाबरल्यासारखं करून हळूच विचारलं, "बीबीजी, वो झगड़े वाली बहनजी रहने आ गईं क्या?"

मी म्हटलं, "हाँ भैया, आ गईं."

तो हसला आणि न मागता धनियाची आणखी एक जुडी माझ्या टोपलीत टाकली.